नाकाडेचं नाक आणि आत्याची खिडकी

"नाही," नाकाडे म्हणाला. "ही शीट मी कापणार नाही."

"अरे, पण मागच्या आठवड्यात तूच हो म्हणालास ना!" केतकी जवळजवळ ओरडलीच. "हीच शीट होती. हिचाच कपचा मी तुला आणून दिला होता!"

"तेव्हा वास बरा होता. आज वाईट आहे. क्षमस्व."

नाकाडे बोलायचा असा, जुन्या पुस्तकातल्यासारखा. तो होता यंत्रमानव आणि मिरजेच्या हत्यारघरातलं लेसरचं यंत्र सांभाळायचा. हत्यारघर म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आज तुमच्या गावात ते नसेल. वाचनालयातून आपण पुस्तक आणतो, तसं हत्यारघरातून करवत, ड्रिल, शिवणयंत्र घरी न्यायचं. जे यंत्र उचलून नेता येत नाही, ते तिथेच जाऊन वापरायचं. केतकीच्या काळात प्रत्येक तालुक्याला एक हत्यारघर होतं, आणि मिरजेचं सगळ्यांत भारी होतं, असं निदान मिरजकर तरी छातीठोकपणे सांगायचे.

नाकाडेचं खरं नाव आकड्यांचं आणि भलतंच लांब होतं. पण त्याला हत्तीच्या सोंडेसारखं एक मऊ, लांब नाक होतं. नाकाच्या टोकाला वायुसंवेदक (हवेत कोणता वायू मिसळलाय हे ओळखणारे छोटे इलेक्ट्रॉनिक तुकडे) बसवलेले होते. कुठलीही नवी वस्तू आली की लेसरने तिच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, निघालेला धूर हुंगायचा आणि मग हो किंवा नाही सांगायचं, हे त्याचं काम. असं नाक असल्यावर मिरजेची पोरं काय गप्प बसतात? पहिल्याच दिवशी त्याचा नाकाडे झाला.

आज मात्र केतकीला त्याच्या नाकाचा मनापासून राग आला होता.

त्याचं कारण उद्यावर आलेलं लग्न. केतकीच्या विभाआत्याचं. आत्या म्हणजे केतकीची वेणी घालणारी, गणितं समजावणारी आणि रात्रीच्या गप्पांतली अर्धी मैत्रीण. लग्न झालं की ती नवऱ्याबरोबर समुद्रावरच्या तरंगत्या प्रयोगशाळेत राहायला जाणार होती. तिथे दोघं मिळून प्रवाळांवर (समुद्रातल्या इवल्याशा प्राण्यांनी बांधलेल्या खडकांवर) काम करणार होती. एकदा केतकीने विचारलं, "तुझ्या तिथल्या खिडकीतून काय दिसतं गं?" आत्या हसत म्हणाली, "पाणी. दुसऱ्या दिवशी बघितलं तरी पाणीच."

ती हसली खरी, पण केतकीला ते काही हसण्यासारखं वाटलं नाही. त्याच रात्री तिने ठरवलं, रुखवतात आपण आत्याला मिरजेची खिडकी द्यायची. आत्याच्या खोलीतून दिसतं ते सगळं, म्हणजे चिंचेचं झाड, पाण्याची टाकी, शेजारच्या गच्चीचा कठडा आणि त्यावरची आळशी मांजर, वेगवेगळ्या थरांत कापायचं, एकामागे एक उभं करायचं आणि मागे छोटा दिवा लावायचा.

त्यासाठी शीटही तशीच खास होती. आत्या शाळेत असताना आजोबांनी तिच्यासाठी अभ्यासाचं टेबल करून घेतलं होतं. त्याला वरून शिसवी रंगाचं, तांबूस रेघांचं लॅमिनेट लावलेलं होतं. सुतार ज्याला नुसतं मायका म्हणतात, ते. त्यातली उरलेली एकच शीट कपाटामागे सापडली. तसल्या रेघांचं लॅमिनेट आता कुठेच मिळत नव्हतं. ही शीट गेली तर खिडकी गेली.

"बिघडलंय हो त्याचं नाक!" मागून बाळूकाका गरजले. केतकीला स्कूटरवरून तेच घेऊन आले होते. "लग्नघर आहे आमचं. तिकडे पाहुणे येऊन बसलेत. बाई, ते नाक दोन मिनिटं बंद करा की, आणि टाका कापून!"

बाई म्हणजे डॉक्टर सुलक्षणा आवटी. जन्मभर प्लास्टिकचं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता हत्यारघर चालवणाऱ्या. नाक बंद करायची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

खरं सांगायचं तर क्षणभर केतकीलाही तसंच वाटलं. करावं बंद नाक. दोन मिनिटांत काय होणार आहे? ती आशेने बाईंकडे बघत राहिली.

"किल्ली आहे माझ्याकडे," आवटीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी एक सांग केतकी, लेसर कापतो कशाने?"

"प्रकाशाने."

"प्रकाश तर या दिव्यातूनही येतोय. तो का नाही कापत?"

केतकीने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर तुम्ही पोरं कशी पळता? वाट फुटेल तिकडे. दिव्याचा प्रकाश तसा. आणि संचलनात? एका रांगेत, एका तालात, एकाच दिशेने. तो लेसर. त्या रांगेला भिंगातून एका ठिपक्यावर आणलं की त्या ठिपक्यावर सगळी उष्णता गोळा होते. उन्हात भिंग धरून तू कागद जाळला असशीलच."

"वाळलेलं पान," केतकी हळूच म्हणाली. काकांकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"मग झालं तर! करवत भुसा पाडते, लेसर जाळतो. आणि जाळलं की धूर आला. म्हणून लेसरपाशी येणाऱ्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, बाई गं, तू जळलीस तर तुझ्यातून काय निघेल?"

"मायकातून काय निघतं?"

"आधी मायका म्हणजे काय ते बघ. तो आहे मुळात कागद."

"कागद?" हे काका आणि केतकी दोघंही एकदम म्हणाले.

"कागदच. जाड तपकिरी कागदाचे थर राळेत भिजवायचे. राळ म्हणजे तापवल्यावर कडक होणारं चिकट रसायन. ते थर एकावर एक रचायचे, सगळ्यांत वर लाकडाचं चित्र छापलेला कागद ठेवायचा आणि गरम यंत्रात दणदणीत दाबायचं."

"म्हणजे आत्याच्या टेबलावरचं लाकूड हा नुसता फोटो?"

"आहे खरा फोटोच. पण पक्का! ती राळ एकदा कडक झाली की पुन्हा वितळत नाही. भाकरी भाजली की तिचं परत पीठ होतं का? तव्यावर ठेवून बस, ती करपेल, पण वितळणार नाही. तूप मात्र तापवलं की पातळ, गार झालं की घट्ट, कितीही वेळा. काही प्लास्टिकं भाकरीसारखी असतात, काही तुपासारखी. मायका आहे भाकरी."

"मग भाकरीचा धूर चालतो?"

"अत्तर नाहीये तो. त्यातही फॉर्माल्डिहाइड (डोळ्यांना झोंबणारा आणि शरीराला वाईट असा वायू) असतो. म्हणून झाकण लावायचं, पंख्याने धूर ओढून घ्यायचा आणि कोळशाच्या गाळणीतून बाहेर सोडायचा. घरातल्या खोलीत हे करायचं नाही. आणि सगळे मायके सारखे नसतात, म्हणून आधी हुंगायचं. नाकाडे, तुला आज नेमका कसला वास आला?"

"क्लोरीनचा," नाकाडे म्हणाला, आणि त्याचं नाक आपोआप आक्रसलं.

आवटीबाईंच्या कपाळावर आठी पडली. "क्लोरीन असतो पीव्हीसीमध्ये. पाण्याचे पाइप, रेनकोट, पारदर्शक कव्हरं ज्याची करतात, ते प्लास्टिक. वापरताना त्यातला क्लोरीन गप्प बांधलेला असतो. जाळलं की तो सुटतो, हायड्रोजनचा हात धरतो आणि त्यांचा एक तिखट वायू होतो. त्या वायूला ओलावा भेटला की झालं आम्ल, म्हणजे अ‍ॅसिड. आणि ओलावा कुठे कुठे असतो?"

"नाकात," केतकी म्हणाली. "डोळ्यांत. घशात."

"फुफ्फुसांतही. आमची गाळणी त्या वायूला पुरी पडत नाही. शिवाय यंत्र आतून गंजतं ते वेगळंच. आता सांग, देऊ का किल्ली?"

केतकीने मान हलवली. नको. पण तिचे डोळे भरून आले. म्हणजे आत्याच्या टेबलाची शीट पीव्हीसीची होती? मग मागच्या आठवड्यात वास चांगला कसा आला?

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी शोधायचं. एकच शीट, दोन उत्तरं. गडबड कुठे असू शकेल?"

केतकीने नाक ओढलं आणि विचार केला. "एक तर नाकाडेचं नाक बिघडलंय."

"मी तेच म्हणतोय!" काका म्हणाले.

बाईंनी नाकाडेला साधा पुठ्ठा हुंगायला दिला. लेसरचं टिंब उमटलं, धुराची बारीकशी रेघ निघाली. "उत्तम. पुठ्ठा," नाकाडे म्हणाला. मग त्यांनी डबीतून त्याच्या परीक्षेसाठी ठेवलेला रेनकोटाचा कण त्याच्या बंद हुंगणपेटीत टाकला. "शी! क्लोरीन," नाकाडे म्हणाला आणि चक्क शिंकला. नाक ठणठणीत होतं. काका हिरमुसले.

"नाहीतर मग शीट बदलली," केतकी म्हणाली. मागच्या आठवड्यातला कपचा हत्यारघरात ठेवलेलाच होता. तिने तो शीटच्या तुटक्या कोपऱ्याला लावून बघितला. रेघेला रेघ जुळली. तीच शीट.

"नाक ठीक आणि शीटही तीच," बाई म्हणाल्या. "चला, धूरकपाटाकडे. काका, तुम्ही लांब उभे राहा. आणि केतकी, हा प्रयोग घरी करायचा नाही, मी सांगते म्हणून."

धूरकपाट म्हणजे काचेचं दार असलेलं, वरून हवा ओढून घेणारं कपाट. बाईंनी आत हात घालून तांब्याची तार ज्योतीत लाल केली. ती गरम तार शीटच्या मागच्या, तपकिरी बाजूला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत पिवळी राहिली.

"क्लोरीन असता तर हिरवी झाली असती," त्या म्हणाल्या. "तांबं आणि क्लोरीन एकत्र तापले की हिरवा रंग येतो. आता पुढची बाजू."

तार पुन्हा तापली, शीटच्या चकचकीत बाजूला टेकली. बाईंनी ती उचलली तेव्हा तारेला चिकटून एक बारीक तंतू वर आला, कोळ्याच्या जाळ्यासारखा. तार ज्योतीत गेली, आणि ज्योत हिरवीगार झाली.

"बघितलास रंग?" काका म्हणाले.

पण केतकी रंगाकडे बघत नव्हती. ती त्या तंतूकडे बघत होती. "बाई, ते वितळलं!"

"हो. मग?"

"मायका तर भाकरी आहे ना? भाकरी वितळत नाही. मागची बाजू नाही वितळली. म्हणजे पुढे जे वितळलं ते मायका नाहीच!" ती जागच्या जागी उडाली. "कुणीतरी भाकरीवर तूप लावलंय!"

आवटीबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी चष्माच काढून पुसला. "शोध मग ते तूप."

शीट गार झाल्यावर केतकीने तिचा कोपरा नखाने खरवडला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी सुटलं. पातळ, पारदर्शक, कडेला ब्लेडने इतकं सफाईने कापलेलं, की डोळ्यांना ते दिसतच नव्हतं. ती ओढत गेली आणि शीटच्या अंगावरून एक लांबलचक प्लास्टिकची साय निघत गेली.

मागे बाळूकाकांनी घसा खाकरला.

आता काकांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. काकांच्या फ्रिजवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. स्कूटरच्या सीटवर बसलं की करकर आवाज यायचा, कारण तिचंही वेष्टण जागच्या जागी होतं. वस्तू नवी राहिली पाहिजे, हा काकांचा धर्म होता. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच.

"परवा हळद होती ना घरात," काका खाली बघत म्हणाले. "पोरीची शीट हॉलमध्ये भिंतीला टेकवलेली. सगळ्यांचे हात हळदीने भरलेले. डाग पडला तर तो काय निघतो होय? म्हणून लावलं मी. माझ्याकडे गुंडाळी असते." आणि एवढं बोलूनही त्यांना राहवलं नाहीच. "पण बघा बाई, एक बुडबुडा राहिला नाही!"

केतकीला त्यांचा राग यायला हवा होता. पण काकांचा चेहरा असा काही झाला होता की तिला एकदम हसूच फुटलं. आवटीबाई हसल्या, शेवटी काकाही हसले. नाकाडेला हसता येत नसे, म्हणून त्याने नाक वर-खाली केलं.

मग सगळे कामाला लागले. प्लास्टिक पूर्ण निघालं, पण त्याचा चिकटा राहिला होता. तो खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसला, साबणाच्या पाण्याने तेल काढलं, शीट कोरडी केली. नाकाडेने पुन्हा टिंब पाडून हुंगलं.

"कागद. राळ. क्लोरीन नाही," नाकाडे म्हणाला. "कापण्यास हरकत नाही."

"आता वरून कागदी चिकटपट्टी लावायची," बाई म्हणाल्या, "म्हणजे धुराचे डाग शीटवर बसणार नाहीत. पण ती सपाट लागायला हवी, कुठे फुगा राहता कामा नये. कोण लावणार?"

काकांनी बाह्या सरसावल्या. असली चिकटपट्टी लावली त्यांनी, की नाकाडेनेही "सुरेख" म्हटलं.

झाकण बंद झालं, पंखा घोंघावू लागला, हवेची बारीक फुंकर सुरू झाली. ठिपका शीटवरून धावू लागला. एका दमात आरपार जायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. जास्त वेळ एकाच जागी उष्णता दिली तर कडा करपते, पेटूही शकते. म्हणून त्याच रेघेवरून ठिपका हलका हलका पुन्हा फिरत होता. चिंचेची पानं सुटी झाली. टाकीचे खांब आले. मांजरीचं शेपूट आलं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पंगत बसली होती आणि जिलेबी गरम होती.

"चला, तोवर जेवून येऊ," काका म्हणाले.

"यंत्र चालू असताना माणसाने हलायचं नाही," केतकी म्हणाली. हे तिला बाईंनी सांगितलेलं होतं, पण ती ते अशा थाटात म्हणाली की जणू नियम तिनेच केलाय. "नाकाडे आहे, पण डोळे आपलेही हवेत. ठिणगी पडली तर?"

काकांनी फोनकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्टूल ओढून बसले. जिलेबी सोडून बसलेले बाळूकाका मिरजेत त्याआधी कुणी पाहिलेले नव्हते.

काम संपल्यावरही झाकण लगेच उघडलं नाही. आतला धूर पंख्याने पुरता ओढून घेईपर्यंत थांबावं लागलं. मग केतकीने एकेक तुकडा ओल्या फडक्याने पुसला. जळालेल्या कडा काळ्या राहिल्या होत्या, पण त्या दिसत होत्या शाईने रेघ मारल्यासारख्या, छान.

"बाई," पुसता पुसता ती म्हणाली, "ज्याचा धूर इतका वाईट नसेल, असा मायका नाही का करता येणार?"

"धूर म्हटला की तो थोडा वाईट असतोच. पण राळ बदलायचे प्रयत्न चालू आहेत. झाडात लिग्निन असतं, झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. उसाच्या चिपाडातही असतं. त्यापासून राळ करतात काहीजण. अजून पुष्कळ सुधारायची आहे ती."

"आपल्याकडे चिपाड काय कमी आहे?"

"चिपाड नाही कमी," आवटीबाई म्हणाल्या. "माणसं कमी आहेत. मोठी हो लवकर."

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात रुखवत मांडलं गेलं. साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचा मोर, रांगोळीसारखी रचलेली डाळ-तांदळाची ताटं, आणि त्यांच्यात केतकीची खिडकी. मागचा दिवा लावला की टाकीमागे संध्याकाळ व्हायची आणि कठड्यावर मांजर पहुडलेली दिसायची.

विधी आटोपून, मुंडावळ्या सावरत आत्या रुखवत बघायला आली. खिडकीपाशी ती थांबली. तिने चिंचेवर बोट फिरवलं, मग तांबूस रेघांवर. ही रेघ कुठली ते तिने ओळखलं. टेबलाच्या असल्याच रेघांवर वही ठेवून तिने सगळी शाळा काढली होती. तिचे डोळे वाहायला लागले.

"धूर गं, होमाचा," आत्या म्हणाली. "झोंबतोय."

केतकीने वळून पाहिलं. कार्यालयाचा मोठा पंखा होमाचा सगळा धूर पलीकडच्या झरोक्यातून बाहेर ओढत होता. रुखवताकडे धुराचा मागमूस नव्हता.

"आत्या, धूर तिकडे चाललाय," ती म्हणाली.

"एवढं कशाला शिकलीस गं?" असं म्हणून आत्याने तिला जवळ ओढलं, आणि मग लपवायचं काही राहिलंच नाही. दोघी भरपूर रडल्या. आत्याची नथ केतकीच्या केसांत अडकली तेव्हा कुठे हसू आलं.

"आता माझ्या खोलीला दोन खिडक्या," आत्या डोळे पुसत म्हणाली. "एकीत पाणी आणि एकीत मिरज. मे महिन्यात तू ये तिकडे. तुझ्या खोलीसाठी समुद्राची खिडकी कापू आपण. आमच्या प्रयोगशाळेतही लेसर आहे."

"त्याला नाक आहे?"

"नाक?" आत्याने विचारलं. "नाही बाई. नाक कशाला?"

"मग मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस," केतकी म्हणाली. "आधी नाक बसवू."